एका खळ्यातल्या सहा बाटल्या

रेवाची पाण्याची बाटली शाळेतून भरलेलीच परत येऊ लागली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी तिचं दप्तर तपासते, डबा तपासते, नखं, डोळ्यांचे कोपरे, चपलांचे पट्टे, सगळं तपासते. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतल्या बायका मला त्यावरून हसतात. समोरच्या आशावहिनी तर म्हणतात, मोहिनीच्या पोरीला शिंक आली तरी ही वेळ लिहून ठेवेल. आणि माझं काम काय, तर बायकांच्या लघवीत जंतू वाढतात का ते बघायचं. तरीही पंधरा दिवस ती भरलेली बाटली मी रोज मोरीत ओतत होते आणि मनात म्हणत होते, चला, आज पावसाळी हवा आहे, तहान लागली नसेल.

सप्टेंबर २००२ची गोष्ट. रेवा पाच वर्षांची, मोठ्या गटात. तिसऱ्या दिवशीही ताप उतरेना आणि ती म्हणाली, शूच्या जागी चावतं. मग एकेक बाहेर आलं. शाळेतल्या संडासाला आतून कडी नाही, मुलं दार ढकलतात, म्हणून ती जात नाही. जायला लागू नये म्हणून पाणी पीत नाही. पाच वर्षांच्या मुलीने हे स्वतःच ठरवलं होतं आणि कोणाला सांगितलंही नव्हतं.

सकाळी साडेसहाला मी तिला मोरीत उभं केलं, हातात उकळलेली बाटली. नळ सोडला, पाय धुतले, शीळ घातली. सव्वा तास झाला. माझी सात-चाळीसची बस निघून गेली. रेवा रडवेली झाली आणि मला म्हणाली, "आई, तूच कर ना बाटलीत. बाटलीला काय कळतंय?"

मी हसले. अर्ध्या तासाने चार चमचे भरतील एवढी लघवी मिळाली, ती घेऊन मी दवाखान्यात गेले.

दवाखाना म्हणजे एका ट्रस्टचं जुनं हॉस्पिटल. तिथे डॉक्टर मालती गायधनींच्या हाताखाली मी १९९९पासून प्रयोगशाळेत होते. मॅडम पळशाच्या, घरची द्राक्षबाग. पुण्याला एम.डी. करून परत आल्या त्या संसर्गाच्या आजारांच्या वॉर्डात. कॉलरा, विषमज्वर, मलेरिया हे त्यांचं रोजचं काम. पण नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला त्यांच्या लक्षात आलं, की निफाड-लासलगावकडच्या बायका थंडीताप म्हणून येतात, मलेरियाच्या गोळ्या खाऊन येतात, आणि निघतं ते मूत्रपिंडाला सूज. सगळ्यांची एकच हकिगत. उन्हाळी लागली होती, लघवीला जळजळ होती, धन्याजिऱ्याचं पाणी प्यायले, बरं वाटलं, परत लागली. आणि विचारलं तर कामाचं ठिकाणही एकच, कांद्याची खळी.

व्यापाऱ्याचं खळं म्हणजे पत्र्याचं मोठं छप्पर. लिलावात घेतलेला कांदा तिथे येऊन पडतो. बायका सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत बसून तो निवडतात आणि गोण्यांत भरतात. मागे वेड्या बाभळी, पुढे ट्रक आणि हमाल. जायला जागा नाही, म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. मॅडमचं म्हणणं एवढंच होतं, की या न पिण्यानं आणि दाबून धरण्यानं बायका आजारी पडतात. पण म्हणून कोण ऐकतो? आकडा पाहिजे. किती बायकांना संसर्ग आहे, कोणत्या जंतूचा, कोणतं औषध लागू पडतं. आकडा हातात असला की खळ्यामागे चार भिंती आणि एक नळ मागता येईल. बारा वर्षं त्या एवढ्यासाठीच धडपडत होत्या.

त्यांच्या बरोबरीचे डॉक्टर हृदयाकडे गेले, मेंदूकडे गेले, गंगापूर रोडला त्यांची हॉस्पिटलं झाली. कँटीनमध्ये एकाने मॅडम ऐकतील एवढ्या मोठ्याने म्हटलं होतं, की गायधनी मॅडमचं आयुष्य लघवीत गेलं. मॅडम चहा ढवळत म्हणाल्या, "बायकांचं जातं. मी नुसतं मोजते."

आता मोजणी संपत आली होती. चार वर्षांत अडतीस खळी, चारशे बारा बायका. दर तीन बायकांमागे दोघींना संसर्ग, असा आकडा येत होता. डिसेंबरात पुण्याच्या परिषदेत निबंध वाचायचा होता, तो स्वीकारल्याचं पत्र मॅडमनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. मार्चमध्ये त्या निवृत्त होणार होत्या.

बाटल्या गोळा करायचं काम माझं. दुपारच्या चहाच्या सुट्टीत मी खळ्यावर पोचायची. बाटल्यांवर नंबरांच्या पट्ट्या चिकटवलेल्या असत, बर्फाचा डबा जीपमध्ये. स्वच्छता कशी करायची, पहिली धार सोडून मधली कशी घ्यायची, हे हळू आवाजात सांगायचं. मग बायका बाभळींमागे जायच्या. एकटी कोणी जात नसे. जायचं तर चार-सहा जणी मिळून, दोघी लुगडं आडवं धरणार, बाकीच्या मागे. मी इकडे पाठ करून उभी राहायची. नियमाप्रमाणे मी तिथे असायला हवं होतं, पण अशा वेळी बघायचं नसतं, हे मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. बाटल्या परत यायच्या त्या गरम असत. गरम बाटली हातात आली की माझं समाधान व्हायचं.

त्या आठवड्यात मी ज्या खळ्यावरून आले होते, तिथल्या सहा बाटल्या आणि रेवाची एक, अशा जंतू वाढवायला लावलेल्या सात प्लेटा शुक्रवारी सकाळी उघडल्या. रेवाच्या प्लेटवर गुलाबी ठिपके, म्हणजे नेहमीचाच जंतू, दहा बायकांतल्या आठ जणींत सापडणारा. त्यावरचं औषध माहीत होतं. मग बाकीच्या सहा प्लेटा घेतल्या. झाकण उघडताच वास आला, सुकट कुजल्यासारखा. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा लाटा प्लेटभर पसरल्या होत्या. प्रोटिअस. हा जंतू एरवी महिन्यात एखाददुसऱ्या बाटलीत निघायचा. इथे सहाच्या सहा.

मला वाटलं, माझ्या हातून प्लेटा दूषित झाल्या. बाटल्या फ्रीजमध्ये होत्याच, पुन्हा लावल्या. शनिवारी त्याच लाटा. औषधांच्या चकत्यांभोवती जंतू किती अंतरावर थांबतो ते पट्टीने मोजलं. पहिलीचं अठरा, सहा, सहा, एकवीस. दुसरीचं अठरा, सहा, सहा, एकवीस. सहाव्या बाटलीपर्यंत मी पट्टी नुसती धरत होते, आकडा आधीच माहीत होता.

आणि कानात रेवाचं बोलणं. बाटलीला काय कळतंय.

मी रजिस्टर काढलं. चार वर्षांचं, सगळं माझ्याच अक्षरात. बायकांच्या नावांवर हात ठेवून नुसते आकडे वाचत गेले. एका खळ्यातल्या पाच ओळी सारख्या. दुसऱ्यातल्या चार सारख्या, दोन वेगळ्या. तिसऱ्यातल्या सात सारख्या. नेहमीचा जंतू होता म्हणून कधी टोचलं नव्हतं. शिवाय पहिली दोन वर्षं रेवा लहान होती, रात्रभर जागायची, आणि मी सकाळी डोळ्यांत पाणी मारून आकडे उतरवायची. घरातल्या दुधाचा रंग बदलला तर मला कळतं. इथे मला चार वर्षं कळलं नाही.

दोन दिवस मी दवाखान्यात हे काढलं नाही. रेवाच्या बाबांना सांगितलं, तर प्रेसमधून दमून आलेले ते बूट काढता काढता म्हणाले, की आकडे जसे आले तसे तू लिहिलेस, त्यात तुझं काय चुकलं, आणि मॅडमचं आता काय राहिलंय, मार्चला जातील बिचाऱ्या हार घेऊन. ते चूक बोलत नव्हते. मी गप्प बसले असते तर निबंध वाचला गेला असता. कदाचित कुठे चार भिंती उठल्याही असत्या. खोट्या आकड्यावर उठलेल्या भिंतीआड बाई बसली, तर तिला काय फरक पडतो? हे मी स्वतःला नीट पटवलं होतं. पण रेवाला औषधाचा चमचा देताना दर वेळी मनात यायचं, हे औषध तिच्या बाटलीवरून ठरलंय. दुसऱ्या कोणाच्या बाटलीवरून ठरलं असतं तर?

सोमवारी मी जीप न मागता एस.टी.ने त्या खळ्यावर गेले. मुकादमाला सांगितलं, दोन नावं लिहायची राहिली. बायका ढिगाशी बसल्या होत्या, हात चालूच. त्यांच्यातली थोरली चिमणाबाई. पन्नाशीची, बारीक अंगाची, खळ्यावरच्या सगळ्या जणी तिला विचारून वागायच्या. मी तिच्या शेजारी गोणीवर बसले आणि हळूच विचारलं, की मावशी, बाटल्या कशा भरता? रागवायचं नाही मला, नुसतं कळायला पाहिजे.

शेजारची सिंधुबाई फिस्सकन हसली. चिमणाबाईने तिच्याकडे एकदा बघितलं आणि कांदा निवडत म्हणाली, "सकाळधरनं घोटभर पानी नाय पोटात, ह्यांला व्हनार कुठनं? मला घडीघडीला लागती. मंग म्याच भरून देती समद्यांच्या. तुमी एवढ्या लांबून येता, रिकाम्या बाटल्या न्यायच्या का?"

त्यात लबाडी नव्हती. पाहुण्याला तसंच पाठवू नये, इतकंच होतं. एखादीला झाली तर ती स्वतःची द्यायची, नाहीतर जिला होते तिची. आणि मी थेंबाला महाग असलेल्या बायकांकडून भरलेल्या बाटल्या घेऊन, बरं वाटून, जीपमध्ये बसत होते.

परत येताना बसमध्ये मला पुढचं सुचलं. जिला घडीघडीला लागते, तिला का लागते? तिला संसर्ग असतो म्हणूनच लागते. प्रत्येक खळ्यात बाटल्या भरणारी बाई ही बहुधा तिथली आजारी बाईच होती. म्हणून तर आमचा आकडा तीनात दोन आला होता.

मंगळवारी ओ.पी.डी. संपल्यावर मी रजिस्टर घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. सगळं सांगायला दहा मिनिटं लागली. त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मी जसे वाचले होते तसे आकडे वाचले. एका पानावर बराच वेळ बोट ठेवलं. मी वाट बघत होते, की आता विचारतील, तू तिथे उभी होतीस ना? ते उत्तर मी दोन रात्री तयार करत होते.

त्यांनी विचारलं, "गोळ्या कोणी खाल्ल्या?"

मला कळेना.

"ज्यांच्या बाटलीत जंतू निघाले, त्या प्रत्येकीच्या नावाने सात दिवसांच्या गोळ्या आपण पाठवल्या. आजारी नसलेल्या बायकांनी त्या खाल्ल्या की काय? मोहिनी, तू हे विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. मला आकड्यांचं, निबंधाचं, माझ्या नोकरीचं सुचलं होतं. गोळ्या मी स्वतःच्या हातांनी वाटल्या होत्या आणि त्यांचंच सुचलं नव्हतं.

बुधवारी आम्ही दोघी गेलो. मॅडम त्या खळ्यावर दोन वर्षांनी येत होत्या. व्यापाऱ्याने खुर्ची मागवली, ती त्यांनी परत पाठवली आणि बायकांत खाली बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, बसताना हात टेकावा लागला. विचारपूस झाली, सिंधुबाईच्या लेकीचं बाळंतपण झालं होतं, त्याचं बोलणं झालं. मग गोळ्यांचं निघालं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी सिंधुबाईच म्हणाली, "आमी कशाला खाऊ? मूत हिचं, तर गोळ्या बी हिच्याच. समद्या आनून हिलाच दिल्या."

बायकांच्या दृष्टीने हिशेब चोख होता. खोटं नाव लिहिलं असेल, पण औषध बरोबर माणसाला पोचवलं होतं. मॅडमनी चिमणाबाईकडे बघितलं. तिने सांगितलं ते असं. गोळ्यांची पाकिटं घरात पत्र्याच्या डब्यात असायची. जळजळ झाली की एक खायची, थांबली की डबा बंद. आमच्या चार खेपांना सहा-सहा पाकिटं मिळाली. कधी सून मागायची, तिलाही एखादी द्यायची. डबा अजून संपला नव्हता.

चार वर्षं एकेक गोळी. असं औषध खाल्लं की जंतू मरत नाही, औषधाला सरावतो. अठरा, सहा, सहा, एकवीस यातल्या दोन सहांचा अर्थ हाच होता. चकती ठेवली तरी जंतू अगदी तिच्या कडेपर्यंत वाढलेला. मॅडमनी चिमणाबाईच्या पाठीवर, बरगडीखाली, मुठीने हलकेच ठोकलं. ती कळवळली आणि लगेच हसून म्हणाली, की कांदा उचलून पाठ धरलीय.

तिला जीपमधूनच आणलं. सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडात मोठा खडा निघाला, रक्तात साखर निघाली. जी दोन औषधं लागू पडत होती, त्यांतलं एक इंजेक्शन दिवसातून दोनदा सुरू झालं. सर्जन म्हणाले, ताप उतरू दे, मग खड्याचं बघू, पण ते मूत्रपिंड कितपत राहील सांगता येत नाही. तिचा मुलगा मोतीराम देवळ्याकडे ट्रक घेऊन गेला होता, तो दुसऱ्या दिवशी आला. आईने त्याला सांगितलं, की डॉक्टरीणबाईंनी खळ्यावरनं उचलून आणलं, एवढं कोन करतं? मॅडम तिथेच उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घालून तापाचा कागद वाचायला घेतला.

पुढचे आठ दिवस आम्ही रजिस्टर घेऊन बसलो. मी आकडे वाचायचे, त्यांनी लाल पेन्सिलने रेघ मारायची. कुठे शंका असली तर मी म्हणायचे, ही ओळ थोडी वेगळी आहे, ठेवूया का? त्या म्हणायच्या, शंका आहे ना, मार. चारशे बारांतल्या सदुसष्ट उरल्या. सदुसष्ट बायकांवर काही सिद्ध होत नाही. काचेखालचं पत्र त्यांनी काढलं आणि निबंध मागे घेत असल्याचं मला टाइप करायला सांगितलं. कारण मी 'काही तांत्रिक त्रुटींमुळे' असं लिहिलं होतं. त्यांनी ते खोडून स्वतःच्या हाताने लिहिलं, की नमुने कसे गोळा होतात हे आम्ही पाहिलं नाही आणि त्यामुळे एका रुग्णाला इजा झाली. 'आम्ही' लिहिलं. पाठ करून उभी होते मी. मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, तू पाठ केली होतीस, मी तर नाशिकमध्येच होते.

रेवाचा ताप उतरला होता. मी शाळेत बाईंना भेटले, कडी बसवून घेते म्हणाल्या. दोनदा जाऊन आले तरी बसली नाही, तेव्हा मी भद्रकालीच्या बाजारातून कडी आणली आणि शिपायाला हाताशी धरून बसवून घेतली.

चिमणाबाईला घरी सोडायचं होतं त्या दिवशी मी मॅडमबरोबर राउंडला होते. खड्याचं ऑपरेशन झालं होतं. मूत्रपिंड वाचलं, अर्धंमुर्धं. आता पथ्य, साखरेच्या गोळ्या, आणि पाणी प्यायचं, कामावर असलं तरी प्यायचं. ती सगळ्याला हो म्हणत होती. शेवटी तिने मॅडमचा हात धरला.

"म्हंजी बाई, आजारी मी एकलीच व्हते? बाकीच्या समद्या धडच व्हत्या?"

मॅडम कॉटच्या कडेला बसल्या. मला वाटलं, हो म्हणतील. तिला तेवढंच बरं वाटलं असतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं हेच शोधतेय, चिमणाबाई. पण त्यांचं मी कधी तपासलंच नाही."

चिमणाबाईला ते फारसं पटलं नाही. ती म्हणाली, त्या सिंधीला तरी हायच, रातीची कन्हत असती, लाजंकाजंनं सांगत नाय. आणि सांगितलं, की बाटल्या न्यायच्या तर खळ्यावर नका येऊ, पहाटं घरी या, पाच वाजता, पानी भरायच्या आधी. तवा जिची तिला व्हती.

मॅडमनी मला ते लिहून घ्यायला सांगितलं. मी चार्टच्या मागेच लिहिलं. पहाटे पाच म्हणजे मला नाशिक रोडहून साडेतीनला निघावं लागणार होतं, तिच्या बाबांची रात्रपाळी असली की रेवाला कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न होता, आणि मॅडमकडे मार्चपर्यंतचे पाच महिने होते. चारशे बायकांना चार वर्षं लागली होती.

जिन्यात त्या कठडा धरून एक एक पायरी उतरत म्हणाल्या, सोमवारी स्टोअरला बाटल्यांची मागणी दे, दोनशे. मी बरं म्हटलं. खाली पोचल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारली.

"दोनशे नको गं. शंभरच सांग."